जुनी फियाट आणि जादा पाटा

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी म्हणून धावायची बंद झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षांची. त्याबरोबर अनेक गॅरेजवाल्यांचे आणि कमानवाल्यांचे रोजचे काम गेले.

पण गाडी संपलेली नाही. कुर्ल्यात बनलेल्या फियाट आणि पद्मिनी हौशी मालकांनी अजून सांभाळून ठेवल्या आहेत. हे गिऱ्हाईक टॅक्सीवाल्यापेक्षा वेगळे. टॅक्सीवाल्याला गाडी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर हवी असे. हौशी मालक आठवडाभर थांबतो, चांगल्या कामाचे दाम देतो आणि काम बिघडले तर चार मालकांना सांगतोही. आपल्या कारागिरांच्या हातात हुन्नर आहे. अडचण आहे ती टॅक्सीच्या जमान्यातील सवयींची. गाडी मागून बसली की 'एक पाटा वाढवा', ही त्यातली सर्वांत महागात पडणारी सवय.

पद्मिनीला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र विशबोन आणि गोल स्प्रिंग आहे, मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांची कमान. गाडीचे वजन जेमतेम ९०० किलो. मागे तिघे आणि वर कॅरिअरवर सामान, अशा टॅक्सीत जादा पाटा खपून जाई. मालक एकटा चालवू लागला की तीच कमान प्रत्येक खड्ड्यावर उडवते. हिशेब साधा आहे. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील तिथे सहावा घातला तर कमान सुमारे २० टक्के कडक होते. पण तेवढेच पाटे ठेवून प्रत्येक पाटा १० टक्के जाड घेतला तर ती ३३ टक्के कडक होते. पुढच्या स्प्रिंगची तार १० टक्के जाड घेतली तर वाढ थेट ४६ टक्के. स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली घेणारेही आहेत. वेढा कमी झाला की उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणे तर त्याहून वाईट, कारण पोलादाचे पाणी उतरते आणि काही महिन्यांत गाडी वाकडी बसते.

बसलेली कमान पुन्हा उभी करायची तर पाटे सुटे करावेत. सेंटर बोल्टच्या भोकापाशी चीर आहे का ते आधी पाहावे. चीर दिसली तर तो पाटा भंगारात. थंड पाट्यावर घण मारून गोलाई देता येते, पण ती फार दिवस टिकत नाही. सिलिको-मँगनीज पोलादाचा पाटा सुमारे ९०० अंशांवर तापवून तेलात विझवावा आणि नंतर ४५० ते ५०० अंशांवर पुन्हा ताव द्यावा. पाण्यात विझवला तर तो तडकण्याची भीती असते. बसवताना पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावावे. निम्मा खडखडाट तिथेच थांबतो.

कमान वजन पेलते, हेलकावा मात्र शॉकअप मारतो. कमान कडक केली आणि शॉकअप जुनाच ठेवला तर गाडी नावेसारखी डुलते. गाडीचा कोपरा दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. डुलत राहिली तर शॉकअप गेला. आमचा अनुभव असा की तक्रार 'सस्पेन्शन'ची असते आणि दोष निघतो वाळलेल्या रबर बुशांत. म्हणून खर्चाचा आकडा सांगण्याआधी बुश पाहावेत. नवे बुश कसताना गाडी घोडीवर ठेवून शेवटचा कस देऊ नये. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन आल्यावरच बोल्ट कसावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

एक गोष्ट कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. अशा गाडीच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. तेव्हा जुन्या फियाटच्या सांगाड्याला वेल्डिंग करून नवे ब्रॅकेट लावणाऱ्याने मालकाला आधी हे सांगावे. बोल्टने बसणारे आणि बोल्टने निघणारे काम बरे. काढलेले मूळ भाग मालकाला पिशवीत बांधून परत द्यावेत. भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नयेत.

काम सुरू करण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर वहीत लिहावे, काम झाल्यावर पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे बिलावर घालावेत. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट त्यानंतरच करावी. पाचेकशे किलोमीटर चालल्यावर गाडी परत बोलावून यू-बोल्ट पुन्हा कसावेत. त्याचे पैसे घेऊ नयेत.