क्लॉक वाढला, फ्रेम तेवढ्याच

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के आहे, ते आधी पाहा. तो ९५च्या बराच खाली असेल, तर घोडं प्रोसेसरपाशी अडलंय; किंवा व्ही-सिंकने फ्रेम मॉनिटरच्या ६० हर्ट्‌झवर बांधून ठेवल्यात. रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम वाढल्या नाहीत, की संशय पक्का.

वापर पूर्ण असूनही फरक नाही? मग तापमान बघा. एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२पासून ‘जीपीयू बूस्ट’ आहे. उष्णतेची किंवा विजेची मर्यादा गाठली की क्लॉक आपोआप उतरतो, ओव्हरक्लॉकिंगच्या स्लायडरवरचा आकडा मात्र दिमाखात तसाच! भिवंडीत यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर आधी कॅबिनेटच उघडावं. सुताचे बारीक तंतू हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. ते ब्रशने काढणं हे माझ्या मते सगळ्यात स्वस्त ओव्हरक्लॉकिंग. (पीसी बंद करून, पंखा बोटाने धरून.)

मेमरीचा सापळा वेगळाच. जीडीडीआर५ आणि पुढच्या मेमरीत चूक सापडली की माहिती पुन्हा पाठवली जाते. त्यामुळे क्लॉक थोडा अति झाला तरी गेम लगेच बंद पडत नाही, नुसत्या फ्रेम घटतात. ५० मेगाहर्ट्‌झ मागे या, पुन्हा मोजा.