विश्लेषण : कालव नपुंसकलिंगी, मग त्याचं लॅटिन नाव स्त्रीलिंगी कसं?

पावस ते पूर्णगड किनाऱ्यावर ओहोटीला कातळाला चिकटलेली कालवं दिसतात. मराठीत ‘ते कालव’, लॅटिनमध्ये मात्र ‘ऑस्ट्रेआ’ स्त्रीलिंगी.

मूळ ग्रीक शब्द ‘ऑस्ट्रेऑन’ नपुंसकलिंगीच आहे. लॅटिनमध्ये त्यावरून ‘ऑस्ट्रेउम’ आलं, त्याचं अनेकवचन ‘ऑस्ट्रेआ’. गंमत अशी, की लॅटिनमधली अनेक स्त्रीलिंगी एकवचनंही ‘आ’कारान्तच असतात. शिवाय एकच कालव विकत घेतं कोण? बोलण्यात कायम अनेकवचन. सरमिसळ व्हायला एवढं पुरे.

लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नाव म्हणून ‘ऑस्ट्रेआ’ घेतलं. नियमानुसार पुढचं विशेषण पहिल्या नावाचं लिंग घेतं. कोकणच्या कातळावरच्या कालवाचं नाव पुस्तकांत ‘सॅकोस्ट्रेआ कुकुलाटा’ असं दिसतं. कुकुलाटा म्हणजे टोपडं घातलेली. पहिलं नाव पुल्लिंगी असतं तर ‘कुकुलाटुस’, नपुंसकलिंगी असतं तर ‘कुकुलाटुम’. शेवट चुकला की नाव चुकलं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे पाठ करावं लागतं. काळा, काळी, काळं म्हणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ते सोपं जायला हवं.

‘ऑस्ट्रेऑन’चं नातं ‘ऑस्टेऑन’ म्हणजे हाड या ग्रीक शब्दाशी आहे, आणि त्याचा संस्कृत भाऊबंद म्हणजे ‘अस्थि’.