मूत्रपिंडे आणि परिचारिकेची नोंद

रुग्णाच्या तक्त्यावर ताप, नाडी व रक्तदाब यांच्या जोडीला आणखी एक नोंद असते : शरीरात किती द्रव गेला आणि किती मूत्र बाहेर पडले. ही नोंद पुष्कळदा घाईने उरकली जाते. तिचे मोल कळण्यासाठी मूत्रपिंडांचे कार्य समजून घेतले पाहिजे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या बीसारखी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर. वर यकृत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड किंचित खाली असते. एवढ्याशा अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या आरंभी असलेल्या केशवाहिन्यांच्या गुच्छातून रक्त दाबाखाली गाळले जाते. रक्तपेशी व बहुतेक प्रथिने मागे राहतात. पाणी, क्षार, ग्लुकोज आणि युरिया पुढे सरकतात. दिवसाकाठी असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, मूत्र मात्र साधारण दीड लिटरच होते. उरलेला सारा द्रव नेफ्रॉनच्या नलिकेतून पुन्हा रक्तात जातो. मूत्रपिंडाला सर्रास गाळणी म्हटले जाते. पण गाळलेल्यातून उपयुक्त तेवढे निवडून परत घेणारी गाळणी कोणत्या स्वयंपाकघरात असते? शिवाय रक्तदाबाचे नियमन आणि तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणारे संप्रेरक तयार करणे, ही कामेही त्यांचीच.

तयार झालेले मूत्र मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात साठते व मूत्रमार्गाने बाहेर पडते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असल्याने त्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो.

रक्त दाबाखाली गाळले जात असल्यामुळे अतिरक्तस्राव किंवा तीव्र जुलाब झाल्यास गाळण मंदावते आणि मूत्र घटते. प्रौढ रुग्णात दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलिलिटरहून कमी मूत्र होऊ लागले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीत ३० मिलिलिटरहून कमी, तर ती धोक्याची सूचना समजावी. कॅथेटर बसवलेला असल्यास नळी मुडपली आहे काय, ओटीपोट फुगले आहे काय आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली आहे काय, हे परिचारिकेने तत्काळ पाहावे. यांत काही दोष न आढळल्यास सकाळच्या फेरीची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच वेळी कळवावे आणि तक्त्यावर आकड्यासह वेळही लिहावी.