शिरोरेषेतली फट

ई-इंकचे वाचनयंत्र आईने तिसऱ्या दिवशी माझ्या हातात परत दिले. "अक्षर दिसतं रे, पण वाचवत नाही," एवढेच म्हणाली. वर्तमानपत्राचा टाइप तिला झेपेनासा झाल्यावर मी हौसेने ते यंत्र आणले होते. अक्षर मोठे केले, ठळकपणा शेवटच्या टोकाला नेला आणि आपले काम झाले असे समजलो. मग एक पान तिला मोठ्याने वाचायला सांगितले. 'भर दुपारी'चे तिने 'मर दुपारी' केले. आधी आम्ही दोघेही हसलो. नंतर मी भिंग घेऊन बसलो.

चूक तिच्या डोळ्यांची नव्हती. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' या जोड्यांमध्ये ओळख पटवणारी मुख्य खूण म्हणजे शिरोरेषेतली फट. यंत्रातला ठळकपणा वाढवला की ते यंत्र प्रत्येक रेषेला सरसकट सगळ्या बाजूंनी फुगवते. रोमन लिपीत यामुळे फारसे बिघडत नाही. देवनागरीत मात्र नेमकी ती फट बुजते, 'क्ष'च्या पोटातली पोकळी काळी होते, आणि 'रव' एकमेकांना चिकटून 'ख' होऊ पाहतात. अक्षरकाराने मुळातच जाड काढलेला फॉन्ट ही वेगळी गोष्ट आहे. तो रेषा जाड करताना पोकळ्या राखतो. यंत्राला ती समज नसते.

मग जाड करण्याची गरजच का पडते? ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये पांढरे आणि काळे कण असतात. विद्युतभार देऊन त्यांतले हवे ते कण वर आणले जातात. पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही, कागदासारखा बाहेरचा प्रकाश परतवतो. म्हणून तो डोळ्यांना सुसह्य वाटतो. पण त्याचा 'पांढरा' चांगल्या छपाईच्या कागदाइतका पांढरा नसतो, फिकट राखाडीच असतो. त्यावर बारीक रेषा विरून जातात.

यात ठिपक्यांचा हिशेबही येतो. २००७ सालच्या पहिल्या किंडलच्या पडद्यावर इंचाला १६७ ठिपके होते, आजच्या बऱ्याच यंत्रांवर ३०० असतात. बारा पॉइंटांचा टाइप म्हणजे इंचाचा सहावा भाग. जुन्या पडद्यावर त्याला सुमारे २८ ठिपके मिळतात, नव्यावर ५०. एखाद्या फॉन्टची सर्वांत बारीक रेषा त्या उंचीच्या चाळिसाव्या भागाइतकी असेल, तर नव्या पडद्यावर तिला सव्वा ठिपका मिळतो, जुन्यावर पाऊणच्या आतबाहेर. पाऊण ठिपका काळा करता येत नाही, म्हणून यंत्र तिथे राखाडी छटा भरते. आई 'दिसतं पण वाचवत नाही' म्हणत होती, त्याचा अर्धा अर्थ मला या हिशेबात सापडला.

इथे जुन्या छपाईशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरचा टाइप पाहत वाढलेल्या पिढ्यांना बोरूच्या वळणाचे, जाडबारीक रेषांचे अक्षर म्हणजेच पुस्तकाचे अक्षर वाटते. मलाही वाटते. पण खिळ्यांच्या छपाईत खिळा कागदावर दाबला जाई आणि शाई किंचित पसरे. बारीक रेषा छापून येताना आपोआप भरत असे. ई-इंकच्या नावात 'शाई' असली तरी ती पसरत नाही. म्हणून छापील पुस्तकात देखणे वाटणारे वळण जसेच्या तसे पडद्यावर आणले की ते अशक्त दिसते.

आता निवडीबद्दल. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' हा र. कृ. जोशींचा. संगणकाच्या त्या काळच्या भरड पडद्यासाठी तो योग्यच होता, पण कादंबरीभर मला तो सोबतीला नको वाटतो. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' जवळजवळ एकसारख्या जाडीच्या रेषांचा आहे आणि त्याची सात वजने मोफत मिळतात. जुन्या, कमी ठिपक्यांच्या यंत्रावर त्याचे मीडियम वजन मला सर्वांत भरवशाचे वाटले. 'टिरो देवनागरी मराठी' अधिक सुंदर, पुस्तकी वळणाचा. पण सरळ अक्षरात त्याचे एकच वजन आहे, त्यामुळे ३०० ठिपक्यांच्या पडद्यावर आणि चांगल्या उजेडातच तो खुलतो. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' आणि त्यावर आधारलेला आयआयटी मुंबईचा 'शोभिका' या दोहोंच्या मध्ये बसतात. जोडाक्षरांची भरताड असलेला संस्कृतप्रचुर मजकूर असेल तर मी शोभिका घेतो.

फॉन्ट मराठी जाणतो का, हे पाहायला मी दोनच शब्द लिहितो : 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांची गल्लत करणारा फॉन्ट मराठीसाठी बाद. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही आपली वळणे राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरवली. काही फॉन्टांत ती दडलेली असतात आणि पुस्तकाच्या फाइलीत भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल तरच प्रकटतात. कित्येक ई-पुस्तकांत ती नोंद हिंदी किंवा चक्क इंग्रजी असते. हे निव्वळ आळसाचे काम.

अक्षर फार मोठे करण्याचा मोहही टाळावा. सहा इंची पडद्यावर ओळीत चारच शब्द मावू लागले की डोळा सतत ओळ बदलत राहतो. त्यातून दोन्ही कडा जुळवलेल्या असतील तर शब्दांमध्ये खिंडारे पडतात. उजवी कड मोकळी सोडावी. ओळींमधले अंतर मात्र सढळ हवे. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, या सगळ्यांना जागा देताना मूळ अक्षराच्या वाट्याला टाइपाची निम्म्याच्या आसपासच उंची येते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडला की वाचणारा थबकतो.

आईच्या यंत्रात मी 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये मुक्तची केवळ मीडियमची फाइल ठेवली, ठळकपणा शून्यावर आणला, अक्षर दोन पायऱ्या लहान केले आणि ओळी ऐसपैस केल्या. एका वाचकावरून नियम बांधता येत नाही, हे मला कळते. पण 'भर दुपारी' तिने बिनचूक वाचले. परवा यंत्र मागायला गेलो तर म्हणाली, "प्रकरण संपू दे." आणि पान उलटण्यासाठी पडद्याला बोट लावण्याआधी, सवयीने, ते जिभेला लावले.