बॅटरीवरचं नाट्यगृह

पाचोड हे पैठण तालुक्यातलं, बीड-सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचं बाजाराचं गाव. मोसंबीचा व्यापार आहे, आठवडी बाजार आहे, एसट्यांची वर्दळ आहे. नाटक बघायचं तर मात्र पन्नासेक किलोमीटरवरचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर गाठायचं आणि प्रयोग सुटल्यावर रात्री परत कसं यायचं याची चिंता करायची. अशा गावांत मुंबई-पुण्याचे नट पोचले ते सेल घातलेल्या रेडिओतून. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना या प्रेक्षागृहाचा हिशेब कुणी फारसा मांडत नाही. मला ते पटत नाही.

मराठवाड्याला रेडिओ तसा जुना. निजामाच्या राज्यात हैदराबादखेरीज औरंगाबादलाही केंद्र होतं. 1950 मध्ये ते आकाशवाणीकडे आलं आणि पुढे बंद पडलं. मग 1968 मध्ये परभणी केंद्र सुरू झालं आणि सत्तरच्या दशकात औरंगाबादला पुन्हा केंद्र मिळालं. पण श्रोत्याचं अडत नव्हतं. मध्यमलहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांबवर उतरतात. त्यामुळे अंधार पडला की काटा हळूहळू फिरवत खरखरीतून मुंबई, पुणे शोधून काढता येई. त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. नाटकाचं तिकीट म्हणायचं तर तेवढंच.

डोळ्यांना काहीच न दाखवता नाटक करायचं, ही अडचण इंग्रज नाटककार रिचर्ड ह्यूज यांनी 1924 मध्येच हुशारीने सोडवली होती. बीबीसीसाठी लिहिलेल्या त्यांच्या नाटिकेत माणसं कोळशाच्या खाणीत आहेत आणि दिवे जातात. पात्रंही अंधारात, श्रोतेही अंधारात. आपल्याकडच्या श्रुतिकाकारांनी अंधाराची युक्ती न करता भर दुपारचा वाडा, एसटी स्टँड, स्वयंपाकघर उभं केलं, आणि मला ते अधिक अवघड वाटतं.

ते उभं करणारे कोण? मुंबई केंद्राचं ‘पुन्हा प्रपंच’ हे कौटुंबिक सदर आठवणाऱ्यांना प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर ही नावं कदाचित सांगता येणार नाहीत. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही त्यांची पात्रं मात्र लगेच आठवतील. घरातल्या साध्या गप्पा, थोडी कुरकुर, थोडी चेष्टा, एवढ्यावर ते चालायचं. नीलम प्रभूंचा (पुढच्या करुणा देव) आवाज तरुणीपासून म्हातारीपर्यंत कुठेही बेमालूम जायचा. कुडतरकरांचा आवाज तर फिल्म्स डिव्हिजनच्या मराठी माहितीपटांमुळे सिनेमागृहातही भेटायचा. तिथेही माणूस पडद्यामागेच.

रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागतो. स्टुडिओत शेवटची रांग म्हणजे समोरचा माइक. दुरून येणारं पात्र दाखवायचं तर नटाने माइकपासून लांब उभं राहून बोलत जवळ यायचं. मनातलं बोलायचं तर अगदी माइकला खेटून, श्वास सांभाळत. संहिता हातातच असते, पण पान उलटल्याचा आवाज जाता कामा नये. करवंट्या आपटून घोड्याच्या टापा, सेलोफेन चुरगळून आग, पत्रा हलवून ढगांचा गडगडाट, या करामतींचं कौतुक नेहमी होतं. जरा जास्तच होतं. खरी परीक्षा थांबण्याची. रंगमंचावर नट गप्प राहिला तरी दिसत असतो. रेडिओवर तो जरा जास्त थांबला की श्रोत्याला वाटतं सेल संपले, आणि थांबलाच नाही तर वाक्याला वजन येत नाही.

लेखकांसाठीही ही शाळा होती. रत्नाकर मतकरींची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका 1955 मध्ये मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली, तेव्हा ते जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या नोकरीतच होते. 1956 पासून नाटकांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एका भाषेतलं नाटक भाषांतरित होऊन देशभरच्या केंद्रांवरून त्या त्या भाषेत वाजायचं. बंगाली किंवा कन्नड नाटक मराठीतून खेड्यात पोचवणारी दुसरी कुठली सोय तेव्हा होती? विविध भारतीच्या ‘हवा महल’मधल्या हिंदी झलक्यांचा श्रोता तर वेगळाच, पण घर तेच.

यातलं किती उरलं आहे? सुरुवातीची कित्येक नाटकं थेट प्रसारित झाली, म्हणजे हवेतच विरली. पुढे टेप आल्या, पण त्या महाग. एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा घेण्याची पद्धत होती. म्हणूनच एखाद्या श्रोत्याने टेपरेकॉर्डर रेडिओला लावून घरी भरून घेतलेली कॅसेट कधीकधी त्या श्रुतिकेची एकमेव प्रत असू शकते. तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर ती आधी डिजिटल करून घ्या. बुरशी धरलेली असली तर घरच्या यंत्रात घालू नका, फीत तुटेल, जाणकाराकडे द्या. आणि पाकिटावर नटांची नावं लिहा. त्या वेळी ती प्रसारणाच्या शेवटी घाईघाईत सांगितली जायची आणि तोवर घरातल्या कुणीतरी रेडिओ बंद केलेला असायचा.