पुणे की कोल्हापूर?

बाबा पुढच्या वर्षी सैन्यातून निवृत्त होतील आणि अंबाल्याचे क्वार्टर सोडावे लागेल. आई म्हणते पुणे, बाबा म्हणतात कोल्हापूर. म्हणून सुट्टीत मी दोन्हींचा हिशोब मांडला.

नोकरीत क्वार्टर मिळाले नाही तर घरभाडे भत्ता मिळतो. त्यासाठी 50 लाखांवर लोकसंख्येचे पुणे ‘एक्स’ वर्गात आणि कोल्हापूर ‘वाय’ वर्गात आहे. सातव्या वेतन आयोगात 2024 पासून हा भत्ता मूळ वेतनाच्या 30 आणि 20 टक्के झाला. म्हणजे पुणे महाग, हे सरकारलाही मान्य! पण निवृत्तांना हा भत्ता नसतो. पेन्शन कुठेही राहा, तेवढीच. वरचा खर्च आपल्याच खिशातून.

किराणा, गॅस, मोबाईल रिचार्ज यांत फारसा फरक नाही. त्यावर वेळ घालवू नका. भाडे, डिपॉझिट आणि रोजचा प्रवास नीट पाहा. पुण्यात लांब राहिले तर भाडे वाचते, पण ताईच्या कॉलेजच्या येण्याजाण्यात ते पुन्हा जाते. कोल्हापुरात आजीचे घर आहे, भाड्याचा रकानाच कोरा.

आईचा मुद्दा मात्र वजनदार आहे: बाबांना दुसरी नोकरी पुण्यात लवकर मिळेल. तो पगार किती, हे कळेपर्यंत बेरीज अडली आहे. बाबांनी दोन्हीकडे अर्ज पाठवलेत.