छत्री आग्नेयेला, अँटेना ईशान्येला

सावंगी (मेघे) इथे मोठ्या दवाखान्यामुळे आणि मेडिकल कॉलेजमुळे भाड्याच्या खोल्या भरपूर. भाडेकरू बदलला की टीव्ही बदलतो आणि मला डिश, म्हणजे छत्री, बसवायला बोलावणं येतं. जुन्या घरांच्या गच्चीवर अजून एखादी ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना दिसते. मग घरमालक हमखास म्हणतात, ‘‘भाऊ, हिचीच वायर डब्ब्याला लावून द्या न! छत्रीचे पैसे वाचतील.’’

वायर लागते, चित्र येत नाही. ही अँटेना नागपूरच्या टॉवरकडे, म्हणजे ईशान्येला तोंड करून उभी केलेली. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ सेवेचा जीसॅट-15 उपग्रह आग्नेयेला, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, जवळपास 36,000 किलोमीटर उंच. सावंगीतून तो क्षितिजाच्या वर साधारण 60 अंशांवर येतो. छत्री मात्र त्याहून बरीच खाली बघतेय असं वाटतं, कारण तिचा एलएनबी, म्हणजे लहरी पकडणारं तोंड, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. नवशिके इथेच फसतात.

खरी गोम विजेची आहे. उपग्रहाच्या लहरी दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या. त्या वायरीतून खाली येईपर्यंत मरतात, म्हणून एलएनबी त्यांना 950 ते 2150 मेगाहर्ट्झवर उतरवतो. त्याला लागणारी वीज सेट-टॉप डब्बा त्याच वायरीतून वर पाठवतो: 13 किंवा 18 व्होल्ट. अँटेनेची मुख्य काडी बहुधा दोन्ही टोकांना वळवून बंद केलेली असते, म्हणजे विजेच्या हिशेबी सरळ शॉर्ट. चांगला डब्बा सूचना देऊन वीज तोडतो. स्वस्तातला कधी कधी कायमचा बसतो.

दोन्ही सिग्नल एकाच वायरीतून आणता येतात, नाही असं नाही. त्यासाठी सिग्नल एकत्र आणि वेगळे करणारे दोन डिप्लेक्सर लागतात, एक गच्चीवर, एक टीव्हीमागे. छत्रीच्या बाजूने वीज जाऊ द्यायची, अँटेनेच्या बाजूने अडवायची. जुन्या काही डब्ब्यांना अँटेनेचं वेगळं भोकही असे. तिथून सिग्नल नुसता आरपार टीव्हीत जायचा, डब्बा त्याला हातही लावत नसे.

पण अँटेनेने पकडायचं काय? प्रसार भारतीने 2022 पर्यंत जुने ॲनालॉग ट्रान्समीटर जवळजवळ सगळे बंद केले. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण 2016 मध्ये 16 शहरांत सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद, नागपूर नव्हतं. शिवाय त्याला डीव्हीबी-टी2 ट्यूनर हवा, तो साध्या फ्री डिशच्या डब्ब्यात नसतो. डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली फ्री डिश मात्र महिन्याचं भाडं घेत नाही. मग अँटेनेचा हट्ट कशाला?

तरी शेवटची मागणी येतेच: ‘‘बरं, निदान तिच्या पाइपावर तरी चढवा.’’ तेही नाही. वाऱ्याने अँटेना डोलली तर चित्रात थोडे ठिपके यायचे. छत्री दोनेक अंश हलली की पडदा काळा. मी कठड्याच्या काँक्रीटला भोकं पाडून बोल्ट मारतो. पाइप भंगारवाल्याला द्या.